शिदोरीचं मूळ घर

सुनीतीबाईंना नवं माणूस भेटलं की त्या नाव नंतर विचारतात, आधी मूळ गाव विचारतात. कट्टा गावच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या बाईला "तुमी खंयचे?" विचारून त्यांचं भागत नाही. लगेच "होय, पण मूळचे खंयचे?" येतं आणि एसटी लागेपर्यंत त्या बाईचं कुळदैवत, पणजोबा आणि पणजोबांनी गाव का सोडला, इथपर्यंत सगळं बाहेर निघतं. एकदा कणकवलीला दाताच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात यंत्र घातलं होतं. यंत्र बाहेर आलं तेव्हा दुखलं का, हे डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी उलट विचारलं, "डॉक्टर, तुमचं मूळ वैभववाडीकडचं का हो? आडनावावरून वाटलं."

पन्नाशी उलटलेल्या ह्या बाई कट्ट्याच्या अलीकडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतात. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला "तुम्ही का केलंत?" असं त्या इतक्या मनापासून विचारतात की विचारणारा विचारात पडतो. घरात त्या आणि बाबा. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण चौकशीची सवय सुटलेली नाही. मुलीचा स्वभाव कुठून आला, हे शोधायला लांब जावं लागत नाही.

त्यांचं घर म्हणजे भावकीचं मूळ घर. भावकीत पाच चुली झाल्या, शेतं वाटली गेली, विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लागल्या, पण गणपती एकच राहिला. चवथीला पाचही चुलींची माणसं मूळ घरात जमायची, अगदी एकमेकांशी कोर्टात भांडणारीसुद्धा. सात दिवस आरत्या एकत्र, आठव्या दिवशी पुन्हा वकील. कोकणात ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि ह्याच गोष्टीवरून बाबांचं आणि गुरुप्रसादचं बिनसलं. गुरुप्रसाद म्हणजे सुनीतीबाईंचा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात. चार वर्षांपूर्वी त्याने फोन करून सांगितलं की ह्या वर्षापासून आम्ही पुण्यातच गणपती आणणार. बाबा म्हणाले, "चूल वेगळी केलंस, बरा केलंस. गणपती वेगळो?" आणि त्यांनी फोन खाली ठेवला. तेव्हापासून त्या घरात गुरूचं नाव घेतलं गेलं नाही. बाबांनी कुणाला मनाई केली नव्हती. पण आमटीत मीठ कमी पडलं तरी जे सांगतात, ते बाबा ह्या एका गोष्टीवर गप्प राहिले, आणि सुनीतीबाईंनाही त्यांच्या पाठीमागे भावाशी बोलणं जमेना. दिवाळीला एक शुभेच्छा जायची, एक यायची. तेवढंच.

आता ह्या सगळ्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? तर शाळेतले दहा कॉम्प्युटर गुरूनेच चालू करून दिलेले होते. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी खेड्यातल्या शाळांसाठी एक लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची व्यवस्था, तयार केलं होतं. नाव ठेवलं शिदोरी. त्यात मराठी मेनू, मराठी टायपिंग, शाळेला लागेल तेवढंच सामान. कॉम्प्युटरचे सर बदली होऊन गेले तेव्हा खोलीच्या किल्ल्या सुनीतीबाईंच्या हातात आल्या. भाऊ कॉम्प्युटरवाला म्हणजे बहिणीला कॉम्प्युटर येणारच, असा स्टाफरूममधल्या मंडळींचा समज. बाई इतिहासाच्या, तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. वर्गातल्या पूजासारख्या मुलींना त्या ओळखत होत्या. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर काजूच्या बागेत. बोटांखाली कळफलक यायचा तो ह्याच खोलीत.

मग शिदोरी थकली. गुरूचे मित्र पांगले, शिदोरीची वेबसाइट बंद झाली. एक एक करून बाहेरच्या साइट उघडेनाशा झाल्या. तुमचा ब्राउझर फार जुना आहे, असं पडद्यावर यायचं. मुख्याध्यापक हरिश्चंद्र सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना जागा हवी होती.

"बाई, चवथीच्या सुट्टीपर्यंत सुरू झाले तर मला आनंदच आहे," ते म्हणाले. "नाहीतर भंगारात देऊ या. पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला खोली नाही, उंदीर माझ्या टेबलापर्यंत आलेत."

दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे भावाला फोन लावला असता. सुनीतीबाईंनी काय केलं, तर शिदोरीचं मूळ शोधायला घेतलं. माहिती दाखवणाऱ्या खिडकीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हे उबुंटूवर आधारलेलं आहे. उबुंटू कुणाचं? शोधलं तर डेबियनचं. डेबियन कुणाचं? ते कुणाचं नव्हतं, ते स्वतःच मूळ होतं. आणि मग त्यांना ते चित्र सापडलं. जगातल्या सगळ्या लिनक्सांचा वंशवृक्ष, डावीकडून उजवीकडे वाढत गेलेला, शेकडो फांद्यांचा. बाईंचे डोळेच विस्फारले. फोनवर ते मावेना म्हणून कट्ट्याला जाऊन तुकड्या-तुकड्यांनी छापून आणलं आणि पडवीत बसून खळीने चिकटवलं. चांगलं जाजमाएवढं झालं.

बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. पाय ठेवायला जागा नव्हती.

"ह्या कोणाचा कूळ गो?"

"लिनक्साचा, बाबा."

"लिनक्स म्हणजे गाव काय माणूस?"

"गाभो. कॉम्प्युटर चलवता तो आतलो गाभो. तो एकटो काय कामाचो नाय, त्येच्या भोवती बाकीचा सामान लावचा लागता. गाभो फुकट, कोणीय घेवचो. मगे ज्येना त्येना आपापला सामान लावून आपापला घर केला. शिदोरी तसलाच एक."

बाबांनी कप कठड्यावर ठेवला आणि चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. चौकशी सुरू होण्याची ही खूण.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस संध्याकाळी पडवीत दुसरा विषय नव्हता. बाई शाळेतून येताना काही नवीन वाचून यायच्या आणि चहा उकळेपर्यंतही बाबांना दम निघायचा नाही. जुनी घरं तीन, स्लॅकवेअर, डेबियन आणि रेड हॅट. त्यांचं एकमेकांशी नातं नाही, पण गाभा तिन्हीकडे तोच. "म्हणजे घराणी तीन नि देव एक," बाबा म्हणाले, आणि त्यांना ते पटलं. जर्मनीतलं सुसे मुळात स्लॅकवेअरच्या घरात जर्मन बोलायला लागलं आणि हळूहळू वेगळं झालं. रेड हॅटच्या पोटी फेडोरा. डेबियन हे नाव ज्याने ठेवलं त्याने त्यात आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं अशी दोन्ही नावं घातली, हे ऐकून बाबा मनापासून हसले. "पुढे लगीन झाला काय तेंचा?" झालं होतं, आणि पुढे मोडलंही होतं. बाबांनी चुकचुक केली, जणू मुलगा ओळखीतला होता.

उबुंटूवर मात्र त्यांचा आवाज बदलला.

"हो डेबियनातसून भायर कित्याक पडलो? भांडान?"

"भांडान नाय. डेबियनाक नवी आवृत्ती काढूक वर्सां लागत. जुना घर, सगळ्यांका विचारून काम. उबुंटूवाल्यांका दर सहा म्हयन्यान नवी व्हयी होती."

"घाई," बाबा म्हणाले. "वेगळे होणारे सगळे ह्याच सांगतत."

बाईंनी विषय पुढे नेला. उबुंटूमधून मिंट निघालं. पण मिंटवाल्यांनी थेट डेबियनवर बांधलेली एक वेगळी मिंटही ठेवली आहे, उद्या उबुंटू राहिलं नाही तर अडायला नको म्हणून.

"आजोबाच्या घरात एक खोली धरून ठेवल्यानी," बाबा म्हणाले. "ह्ये हुशार आसत."

शिदोरी त्या चित्रात नव्हती. एवढ्याशा गोष्टीला तिथे कोण विचारणार? बाईंनी पेन्सिलने उबुंटूखाली एक बारीक रेघ ओढून तिचं नाव लिहिलं होतं. बाबांचं बोट फिरत फिरत तिथे आलं.

"नि ही?"

"ही आमच्या शाळेतली."

बाबांना ठाऊक होतं ती कुणी केली ते. बोट क्षणभर त्या पेन्सिलीच्या रेघेवर राहिलं, मग त्यांनी ते उचललं आणि मांजराला हाकलायला निघून गेले. मांजर पडवीत नव्हतं.

आता अडचण अशी होती. लिनक्सात नवं काही घालायचं तर ते एका ठरलेल्या कोठीतून येतं. प्रत्येक घराची आपली कोठी आणि तिचा पत्ता कॉम्प्युटरला माहीत असतो. शिदोरीची कोठी बंद झालेली. उबुंटूच्या ज्या आवृत्तीवर शिदोरी उभी होती, तिचं सामानही त्यांनी माळ्यावर टाकलेलं. डेबियनची कोठी मात्र भरलेली आणि उघडी. बाईंनी हे बाबांना सांगितलं तेव्हा बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"मगे इचार कसलो करतंस? मूळ घरातसून घे. मूळ घरचो तांदूळ खंयच्याय चुलीर शिजता."

आणि बाईंनाही ते सरळ वाटलं. त्यांच्या घरात तसंच होतं. पाचांपैकी कुठल्याही चुलीला तांदूळ कमी पडला तर मूळ घराची कणगी उघडायची, आणि तो तांदूळ आमच्या भांड्यात शिजणार नाही, असं आजवर कुठल्या सुनेने म्हटलं नव्हतं. रक्ताचंच नातं होतं, मग अडतंय कुठे? दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरात शिदोरीच्या कोठीचा पत्ता खोडून डेबियनचा घातला. कॉम्प्युटर म्हणाला, ह्या कोठीची मी ओळख पटवू शकत नाही. बाईंनी शोधाशोध करून ओळख पटवून दिली. कॉम्प्युटर म्हणाला, हे घ्यायचं तर आधीच्या बऱ्याच वस्तू काढाव्या लागतील, चालेल? बाई म्हणाल्या, चालेल. दुपारपर्यंत पहिल्या कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर उघडला, बंद पडलेल्या साइट दिसू लागल्या. पूजा आणि तिच्या मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उरलेल्या नऊवरही तेच केलं.

साडेतीनला लाइट गेली. पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. ती आली तेव्हा दहाही कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला लागले आणि एकही झाला नाही. काळा पडदा, वर कोपऱ्यात एक उघडझाप करणारी रेघ. चालू होते तोवर जुनं सामान हातात धरून कसेबसे उभे होते. एकदा निजले आणि उठले तेव्हा निम्म्या वस्तू जाग्यावर नव्हत्या, हे बाईंना फार उशिरा समजलं. त्या खोलीत त्या एकट्याच बसून राहिल्या. ह्या कॉम्प्युटरांत मुलांनी वर्षभर लिहिलेलं सगळं होतं. हरिश्चंद्र सर दारात आले, खोलीच्या चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि परत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन बाईंनी बाबांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांना लपवता येतही नाही. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या सांगण्यार केलंस तू," ते म्हणाले.

"माकाय बरोबरच वाटला होता, बाबा."

"माका वाटला म्हणान तुका वाटला." मग ते नखाने कठड्यावरचं शेवाळ खरवडू लागले. "ज्येना केला त्येका इचार. दुसऱ्या कोणाक काय कळतला?"

चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मुलाचा उल्लेख केला होता, आणि तोही नाव न घेता. बाबांनी विचार बदलायच्या आत फोन लावावा म्हणून सुनीतीबाई उठल्या, पण मग त्यांना वाटलं, जे करायचं ते पुढ्यात कॉम्प्युटर घेऊन करावं. दुसऱ्या दिवशी रविवार. महादू रिक्षावाल्याला घेऊन त्या शाळेत गेल्या, एक कॉम्प्युटर घरी आणला आणि पडवीत बाकड्यावर मांडला. बाबा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले. पेपर कालचा होता.

फोन दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

"ताई? बाबा बरे आसत मा?" गुरूचा पहिला प्रश्न.

"बरे आसत. हयच बसलेले आसत. मीयाच बिघडवलंय काय ता." बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि आपला पराक्रम सांगितला.

मग गुरू हसला. चार वर्षांनी तो हसताना ऐकू आला.

"ताई, मूळ घरच्या दाराची फळी काढलंस नि माझ्या चौकटीत ठोकलंस. लाकूड एकाच झाडाचा, पण माप वेगळा. उबुंटू डेबियनाकडसून सामान घेता ता खरा, पण घेतल्यार आपल्या मापान परत बांधता. सरळ कोठीतसून उचलून चुलीर ठेवणत नाय."

पेपरामागे काहीतरी हाललं.

"पोरांचा लिवलेला गेला काय रे?"

"नाय. ता मी वेगळ्या खणात ठेवलेला, तेका हात लागलो नाय. आता शिदोरी सोड. सरळ डेबियनच घाल, जुन्या कॉम्प्युटराक झेपात असा. पेनड्राइव्ह आसा?"

होता. फोनवरूनच डेबियन त्यावर उतरवून घेतलं आणि मग तासभर बहीण-भाऊ कामाला लागले. तो सांगायचा, ती करायची, मध्येच "हे असं का?" विचारून त्याला अडवायची, आणि तो न चिडता उत्तर द्यायचा. भाषा विचारली तेव्हा बाईंनी मराठी निवडली. शेवटी पडदा उजळला. खाली मेनू आला, मराठीत. मुलांचे सगळे निबंध जागच्या जागी. बाईंनी पूजाचं नाव वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं. उरलेले नऊ आता फक्त बैठक मारून करायचे होते.

"ह्या मराठी शिदोरीसारखाच दिसता रे," त्या म्हणाल्या.

"शिदोरीतलाच ता. आमी केलेलो मराठी मेनू, बराचसो मी मूळ घराक पाठवलेलंय."

पेपर खाली आला. बाबांनी तो नीट घडी घालून मांडीवर ठेवला.

"त्येनी घेतल्यानी?" त्यांनी विचारलं.

फोनमधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, गुरू उठून उभा राहिला असावा.

"घेतल्यानी, बाबा," गुरू म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "पयले चुकी दाखवल्यानी. सुधारलंय, परत पाठवलंय, मगे घेतल्यानी. आता जो कोण थंयसून नेता, तेका ता गावता."

"वेगळो झालंस म्हणान कोण काय बोलूक नाय?"

"नाय. उलट इचारल्यानी, आनी काय आसा?"

बाबा पडद्याजवळ झुकले. मेनूतले शब्द त्यांनी ओठ हलवत वाचले, एक एक करून, कचेरीत अर्ज तपासावा तसे.

"वेगळी झालेली घरां कधी परत एक होतत?"

"क्वचित. रेड हॅटातसून निघालेली मँड्रेक नि ब्राझिलातली कोनेक्टिव्हा एक झालेली, पण ता काय टिकाक नाय. वेगळी ती वेगळीच ऱ्हवतत, बाबा. पण देवाणघेवाण बंद झाली की मरतत. आमची शिदोरी तशीच गेली. मूळ घराकडसून नवीन घेवचा आमी थांबवलंव, नि एक दिवस मागे वळान बगलंव तर वाटच नाय."

बाबा मागे टेकले. स्टँडवरच्या परक्या बायकांचे पणजोबा विचारणारं हे घर. त्या घराने एक गोष्ट चार वर्षांत विचारली नव्हती, आणि ती कुठली हे सुनीतीबाईंना बाबांनी तोंड उघडलं तेव्हाच समजलं.

"तुझो गणपती किती दिवसांचो?"

"दीड."

"आमचो सात दिवसांचो. पिढ्यान्‌पिढ्या सात. तू दीडच कित्याक केलंस?"

गुरूच्या मागे कुठेतरी त्याच्या बायकोचा, चारुताचा आवाज आला, "सांग ना."

"दुसऱ्या दिवशी विसर्जन केला की रातची एसटी गावता, बाबा. सकाळी मी कणकवलेक. तिसऱ्या दिवसाच्या आरतीक घरात. म्हणान दीड. तिकिटां चारय वर्सां काढलेली आसत."

"मगे येवक कित्याक नाय?"

"तुमी इचारूक नाय."

सुनीतीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना रडू येत होतं आणि ते आवरण्याचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. बाबांनी खुर्ची बाकड्याजवळ ओढली, फोन दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाच्या अगदी जवळ धरला, पूर्वी ट्रंक कॉलवर बोलायचे तसा.

"आता इचारतंय," ते म्हणाले. "येतलंस?"